जर्मनीत दातांचं काम निघालं तर: खुर्चीत बसण्याआधी काय विचारायचं

नेकरकाठ

नोव्हेंबर लागला की आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो: "डिसेंबरात पुण्याला चाललोय, दाताचं तिकडेच उरकून घेऊ का?" दरवेळी तुटक उत्तरं देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते. हे सगळं सरकारी विमा असलेल्यांसाठी आहे, म्हणजे टीके, आओके, बार्मर वगैरे. प्रायव्हेट विम्याचं गणित वेगळं असतं, ते जाणकारांनी खाली लिहावं.

जर्मनीत दाताला हात लावला की खिसा रिकामा, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ते निम्मंच खरं आहे. तपासणी, एक्स-रे, दात काढणं, अक्कलदाढ काढणं, त्यासाठीचं भुलीचं इंजेक्शन, साधं फिलिंग, कॅलेंडर वर्षातून एकदा दातांवरचं कीटण काढणं, हे सगळं विम्याच्या कार्डावर होतं. हिरड्यांच्या आजाराचंही तसंच. १ जुलै २०२१ पासून जे नवे नियम आले त्यात खोलवरची सफाई आणि त्यानंतर दोन वर्षांची देखभाल विम्यातून मिळते. अर्ज दवाखानाच कासेकडे, म्हणजे आपल्या विमा संस्थेकडे, पाठवतो. ब्रश करताना रक्त येतंय म्हणून वर्षानुवर्षं फक्त टूथपेस्ट बदलत बसलेली माणसं मी आसपास पाहते, तेव्हा फार वाईट वाटतं. कार्डावर होणारा इलाज आहे हो, दुखणं अंगावर काढू नका.

खर्च सुरू होतो तो कॅप, ब्रिज, कवळी आणि इम्प्लांटपासून. इथे कासे फेस्टत्सुशुस देते, म्हणजे ठरावीक मदत. ही मदत तुमच्या बिलाच्या ६० टक्के नसते. त्या दुखण्यावर जो साधा, प्रमाणित उपचार ठरवून दिलेला आहे (रेगेलफेरझोर्गुंग), त्याच्या सरासरी खर्चाच्या ६० टक्के असते. समजा प्रमाणित कॅप ५०० युरोला पडते. मदत झाली ३००. तुम्ही १,००० ची सिरॅमिक कॅप निवडली तरी मदत ३००च, उरलेले ७०० तुमचे. हे न कळल्यामुळे "विमा असून काही देत नाहीत" अशी ओरड होते.

मागच्या दाढेसाठी प्रमाणित कॅप म्हणजे साध्या धातूची, चांदीसारखी दिसणारी. वरच्या जबड्यात पाचव्या आणि खालच्या जबड्यात चौथ्या दातापर्यंत तिला दर्शनी बाजूने दाताच्या रंगाचा थर देतात, त्यामागे नाही. हसताना सहावी-सातवी दाढ कुणाला दिसत नाही. धातूची कॅप मजबूत असते आणि तिच्यासाठी दात घासावाही कमी लागतो. तरीही बऱ्याच दवाखान्यांत कोटेशन थेट सिरॅमिकचंच समोर येतं. तुम्ही फक्त इतकं विचारा: "याची रेगेलफेरझोर्गुंग काय आहे आणि त्यात माझा वाटा किती?" त्याप्रमाणे कोस्टेनप्लान, म्हणजे उपचार आणि खर्चाचा आराखडा, करून मागा. तो फुकट असतो आणि हल्ली दवाखान्यातून ऑनलाइनच कासेकडे जातो. मंजुरी आली की सहा महिन्यांत काम करून घ्यायचं. मंजुरीआधी दात कोरायला सुरुवात करू देऊ नका, नाहीतर मदतीवर पाणी सोडावं लागेल.

बोनुसहेफ्टबद्दल तर जर्मनीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला सांगते. छोटीशी पुस्तिका असते, दवाखान्यात फुकट मिळते. मोठ्यांनी कॅलेंडर वर्षातून एकदा तपासणीला जायचं, तारखेसह शिक्का घ्यायचा. सलग पाच वर्षांचे शिक्के असले की मदत ६० वरून ७० टक्के होते, दहा वर्षांचे असले की ७५. मुलांसाठी बारा ते सतरा या वयात दर सहामाहीला एक शिक्का. तिशीच्या आत आलेल्या मुलामुलींना दात ठणठणीत असल्यामुळे तपासणीला जायचं सुचत नाही, पण चाळिशीत कॅप लागते तेव्हा हेच शिक्के पैसे वाचवतात. पुस्तिका हरवली तर त्या दवाखान्याच्या नोंदींवरून नवी भरून मिळते. यंदाचा शिक्का राहिला असेल तर आत्ताच फोन करा, नाताळच्या आठवड्यात बरेच दवाखाने बंद असतात.

वऱ्हाडी_पोरगा

ताई, खूप उपयोगी लिहिलंत. मी केम्निट्झला मास्टर्स करतोय, स्टुडंट विमा आहे, मिनीजॉब करतो. खालची डावी दाढ गेल्या आठवड्यापासून ठणकतेय, गार पाणी लागलं की कळ डोक्यात जाते. दवाखान्यात गेलो तर खुर्चीत आडवं केल्यावर बाईंनी एक कागद हातात दिला: फिलिंगसाठी माझा वाटा इतके युरो, खाली सही करा. मी म्हटलं घरी वाचून सांगतो, तर डॉक्टर म्हणाले की प्लास्टिक फिलिंग विम्यात बसत नाही. खरं आहे का? आणि रूट कॅनाल निघालं तर? माझ्याकडे खरंच तेवढे पैसे नाहीत, घरी मागवायची इच्छा नाही.

नेकरकाठ

सही केली नाहीस ते उत्तम केलंस. तो जादा खर्चाचा करार असतो. तो उपचाराआधी लेखी व्हायला लागतो आणि तो नाकारायचा तुला पूर्ण हक्क आहे. १ जानेवारी २०२५ पासून युरोपियन युनियनमध्ये अमलगम, म्हणजे आपण ज्याला चांदी भरणं म्हणतो ते, काही अपवाद सोडता बंद झालं. पण म्हणून विम्यातलं फिलिंग संपलेलं नाही. मागच्या दाढांत दाताला आपोआप चिकटणारं साधं मटेरियल आता कार्डावर भरून मिळतं. पुढच्या दातांना दाताच्या रंगाचं कॉम्पोझिटही (तुझ्या डॉक्टरांचं ते प्लास्टिक फिलिंग) मिळतं. मागच्या दाढेत थराथराने बसवलेलं भारी कॉम्पोझिट हवं असेल तरच वरचे पैसे. "मला जादा खर्चाशिवायचं फिलिंग हवंय" एवढं एक वाक्य जर्मनमध्ये पाठ कर. तरी नाहीच म्हणाले तर कासेला फोन कर, ते जवळचा दुसरा दवाखाना सुचवतात.

रूट कॅनालही, दात वाचण्याजोगा असेल तर, विम्यात असतं. मागच्या दाढांना मात्र अटी आहेत. दातांची रांग सलग राहणार असेल, किंवा त्या बाजूची रांग मागून मोकळी पडायची टळत असेल, किंवा आधीचं ब्रिज वगैरे वाचणार असेल, तर मिळतं. तुझे बाकीचे दात शाबूत असतील तर तू यात बसायला हरकत नाही. मायक्रोस्कोप वगैरे जादा सोयींचे पैसे वेगळे सांगतात, त्या घ्यायच्या की नाही हे तू ठरव.

पुढे कॅप लागली तर हेर्टेफालचा अर्ज कर. उत्पन्न कमी असलेल्यांना मदत ६० ऐवजी १०० टक्के मिळते आणि प्रमाणित उपचार फुकटात पडतो. २०२५ मध्ये एकट्या माणसासाठी मर्यादा महिन्याला ढोबळ उत्पन्न १,४९८ युरो होती, दरवर्षी ती थोडी वाढते. मिनीजॉब करणारा विद्यार्थी त्यात सहज बसतो. फॉर्म कासेकडून मागव आणि कोस्टेनप्लानबरोबरच दे. आपल्या विद्यार्थ्यांना हे कुणी सांगतच नाही आणि पोरं पेनकिलर खाऊन सेमिस्टर काढतात.

रात्री-अपरात्री गाल सुजला किंवा ताप भरला तर थांबू नकोस. प्रत्येक राज्यात दातांचा नोटडीन्स्ट (तातडीची सेवा) असतो, सुट्टीच्या दिवशीही कार्ड चालतं.

मिरजमळा

लेख चांगला आहे, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. इथे अपॉइंटमेंट मिळायलाच किती आठवडे जातात! पुण्यात चांगल्या दवाखान्यात दाढेचं रूट कॅनाल साधारण पाच-आठ हजारांत आणि झिरकोनियाची कॅप दहा-पंधरा हजारांत होते. दोन्ही मिळून इथल्या नुसत्या सिरॅमिक कॅपच्या वाट्यापेक्षा स्वस्त. डॉक्टर मराठीत समजावून सांगतात, मोबाइल नंबर देतात. नाहीतरी वर्षाआड घरी जातोच. मग का नाही करायचं?

दंतवैद्य_कोथरूड

परदेशातून येणारे बरेच पेशंट बघतो म्हणून लिहितो. इथे या, जरूर या, पण कामाचं स्वरूप आणि तुमची रजा यांचा मेळ बसायला हवा.

तीन आठवड्यांची सुट्टी असेल तर रूट कॅनाल आणि कॅप व्यवस्थित होते, मात्र पहिल्याच आठवड्यात दाखवायला या. लग्नं, देवदर्शनं, नातेवाईक सगळं आटोपून परतीच्या चार दिवस आधी येतात आणि "डॉक्टर, बसवून द्या" म्हणतात. लॅबला कॅप करायला दिवस लागतात. बसवल्यावर चावताना उंच लागते का हे जेवूनखाऊनच कळतं, मग थोडं घासून नीट करावं लागतं. त्यासाठी हातात आठवडा हवा. डिसेंबर-जानेवारीत सगळेच येतात, तेव्हा निघण्याआधीच वेळ ठरवा आणि तिकडचा एक्स-रे ईमेलने पाठवा. फोटोवरून अंदाज येतो, किती बैठका लागतील ते सांगता येतं.

दात काढायचा असेल तर उड्डाणाच्या आदल्या दिवशी नको. काढल्यानंतर दोन-चार दिवसांनी खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून जबर ठणका लागू शकतो, तेव्हा तुम्ही आमच्या आवाक्यात असलेलं बरं.

इम्प्लांट एका सुट्टीत पूर्ण होत नाही. स्क्रू हाडात रुजायला खालच्या जबड्यात साधारण तीन-चार महिने आणि वरच्या जबड्यात त्याहून जास्त लागतात. म्हणजे दोन खेपा. एका खेपेत स्क्रू, पुढच्या खेपेत दात. "एका दिवसात फिक्स दात" प्रत्येकाच्या हाडाला झेपत नाहीत. वरच्या मागच्या दाढांजवळ सायनस उचलून हाड भरावं लागलं तर त्यानंतर लगेच विमानप्रवास टाळायचा असतो. इम्प्लांट केलंत तर कंपनी, मॉडेल, मापं आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर फाइलवर चिकटवून मागून घ्या. कंपनी अशी निवडा की जिचे सुटे भाग युरोपातही मिळतात. पाच वर्षांनी स्क्रू सैल झाला आणि तिकडच्या डॉक्टरकडे त्या मापाचा पेचकसच नसला तर तुमचे हाल होतील.

डॉक्टर निवडताना महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडची नोंदणी बघा. रूट कॅनालसाठी एंडोडोंटिक्समधला आणि कॅप-ब्रिज-कवळीसाठी प्रॉस्थोडोंटिक्समधला एमडीएस असेल तर उत्तम. आणि पैशांचीच अडचण असेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे. खेपा जास्त होतात, पण काम शिक्षकांच्या देखरेखीखाली होतं.

इसारची_लेक

डॉक्टरांचा प्रतिसाद सोन्यासारखा आहे. मिरजमळा, तुमचा मुद्दा पटतो, पण एक बाजू राहिली. जर्मनीत विम्यातून केलेल्या फिलिंगला आणि कॅप-ब्रिजला दोन वर्षांची हमी कायद्याने असते. कॅप निघाली तर त्याच दवाखान्यात जाऊन पुन्हा बसवून घ्यायची. पुण्यात केलेली कॅप इथे फेब्रुवारीत निघाली तर इथला डॉक्टर दुसऱ्याच्या कामाला हात लावायला कचरतो, आणि लावलाच तर बिल वेगळं. म्हणून मला वाटतं, एखादी साधी कॅप असेल तर प्रमाणित उपचार इथेच घ्यावा. तीन-चार कॅप किंवा इम्प्लांट असतील तेव्हा भारतातल्या खर्चाचा खरा फरक पडतो आणि खेपही सार्थकी लागते.

कोस्टेनप्लान वाचताना कुठे बघायचं ते सांगते. सगळ्यात वर दातांचा तक्ता असतो. त्यात तीन ओळी महत्त्वाच्या: तुमच्या दातांची स्थिती, त्यावरचा प्रमाणित उपचार आणि डॉक्टरने सुचवलेला उपचार. सुचवलेल्या उपचाराची ओळ रिकामी असली किंवा तिच्यातली अक्षरं प्रमाणित उपचारासारखीच असली तर तुम्ही विम्याच्या चौकटीत आहात. वेगळी असली की फरकाचे पैसे तुमचे, आणि मग खासगी दरपत्रक लागू होतं. त्यातला मूळ बिंदूदर (कामाला ठरवलेल्या प्रत्येक गुणामागचे पैसे) १९८८ पासून बदललेला नाही, म्हणून दवाखाने त्याला गुणक लावतात. २.३ पट नेहमीचा. त्यापुढे गेले तर कारण लेखी द्यावं लागतं. ३.५ च्याही वर न्यायचं असेल तर आधी तुमच्याशी लेखी ठरवावं लागतं. साध्या कामाला ३.५ दिसलं तर विचारा, "का?" विचारल्यावर आकडा खाली आलेला मी स्वतः पाहिलाय.

दुसरं, लॅबचा खर्च. कॅपच्या बिलात लॅबचा वाटा मोठा असतो आणि जर्मन लॅब महाग. बरेच दवाखाने परदेशी लॅबमधून कॅप बनवून घेतात. डॉक्टर तोच, हमी तीच, बिल कमी. आपणहून सांगत नाहीत, विचारायला लागतं.

तिसरं, विद्यापीठांची दंत रुग्णालयं. आमच्या म्युनिकला, बर्लिनला शारिटेमध्ये, हायडेलबर्गला शेवटच्या वर्षांतले विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि पेशंटचा वाटा कमी पडतो. एका बैठकीला अख्खी सकाळ जाऊ शकते, कारण प्रत्येक पायरीवर प्राध्यापक येऊन तपासतात. वेळ असलेल्यांना, विशेषतः विद्यार्थ्यांना, याहून नीट काम कुठे मिळायचं नाही. @वऱ्हाडी_पोरगा, तुला लाइपझिग आणि ड्रेस्डेन दोन्ही जवळ आहेत, चौकशी कर.

टेम्सतीर

धागा जर्मनीचा आहे, तरी इंग्लंडमधल्यांसाठी चार ओळी. इथे एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, तीन दर असतात. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षासाठी तपासणी आणि तातडीच्या उपचाराला २७.४० पाउंड, फिलिंग-रूट कॅनाल-दात काढणं ७५.३० आणि कॅप-कवळी-ब्रिज ३२६.७० असे ठरले. एका उपचारक्रमात तीन फिलिंग केली तरी फी एकदाच. गरोदर बायकांना आणि बाळंतपणानंतर बारा महिने फुकट, तेव्हा त्या काळात दात बघून घ्याच. खरी अडचण पैशांची नाही, एनएचएसचे नवे पेशंट घेणारा दवाखाना मिळण्याची आहे. विद्यार्थ्यांनी एचसी१ फॉर्म भरावा, उत्पन्न कमी असेल तर फी माफ होते. ठणका लागला तर १११ ला फोन करायचा.

रानजाई

माझे सासू-सासरे उन्हाळ्यात येणार आहेत. सासूबाईंचे दात हलतात. व्हिसासाठी जो प्रवास विमा काढतो त्यात दातांचं काही होतं का?

नेकरकाठ

शेंगेन व्हिसाला ३०,००० युरोंचं संरक्षण असलेला विमा लागतो, पण दातांच्या बाबतीत त्यात बहुधा फक्त अचानक उठलेल्या दुखण्यावरचा इलाज असतो, तोही मर्यादेपर्यंत. ठणका थांबवणं, तात्पुरतं फिलिंग, गरजेपुरतं दात काढणं. आधीपासून हलणारे दात त्यात बसणार नाहीत. त्यांना निघण्यापूर्वी महिनाभर आधीच तिकडे दाखवू दे. जो दात काढायचाच आहे तो तिथेच काढून जखम भरून येऊ दे. कवळी असेल तर जुनी जोडीही सामानात घ्यायला सांग, प्रवासात मोडली तर खायचे वांधे होतात. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची यादी औषधांच्या घटक नावांसह जवळ ठेव. इथल्या डॉक्टरला भारतातली ब्रँडची नावं कळत नाहीत.

नवे आलेले विद्यार्थी आणि भाषेच्या कोर्सवाले जो स्वस्तातला 'इनकमिंग' विमा घेतात, त्याचंही असंच असतं. त्यावर कॅपची आशा धरू नका.

मिरजमळा

इसारची_लेक, हमीचा मुद्दा मान्य, त्या बाजूने विचार केला नव्हता. मग दातांसाठीचा जो वेगळा पूरक विमा असतो तो घ्यावा का? आणि ऑफिसातले जर्मन लोक पोलंड-हंगेरीला जातात, त्याचं काय?

इसारची_लेक

पूरक विमा घ्यायचा तर तोंड निरोगी असताना. डॉक्टरने एखादा उपचार सुचवून नोंद केली की त्या दाताचा खर्च नवी पॉलिसी देत नाही. अर्जात हे थेट विचारतात आणि खरंच लिहायचं, कारण क्लेमच्या वेळी दवाखान्याच्या नोंदी मागवतात. आधीच पडलेल्या दातांबद्दल प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे. पहिली काही वर्षं एकूण रकमेला मर्यादा असते, तेव्हा "यंदा घेऊन यंदाच इम्प्लांट" जमत नाही. तिशीत, पुढे इथेच राहायचं नक्की असेल तर घ्या. दोन वर्षांत परतणार असाल तर त्या हप्त्याचे पैसे वर्षाला दोनदा दातांच्या सफाईत घाला. एका सफाईला इथे साधारण ८० ते १२० युरो पडतात आणि बऱ्याच कासे त्यातले काही परत देतात.

पोलंड-हंगेरीबद्दल: युरोपियन युनियनमध्ये कुठेही कॅप-ब्रिज केलं तरी जर्मन कासे तीच ठरावीक मदत देते, भारतात केलं तर देत नाही. म्हणून फ्रांकफुर्ट आन डेअर ओडरच्या लोकांना पूल ओलांडून स्लुबित्सेला जाणं परवडतं, बर्लिनवाले श्टेटिनला जातात, आणि हंगेरीत शोप्रोन, हेवीझ, बुडापेस्टला तर यावरच मोठा धंदा उभा आहे. अट तीच. जाण्याआधी तिथल्या दवाखान्याकडून जर्मन नमुन्यातला कोस्टेनप्लान भरून घ्यायचा आणि कासेची लेखी मंजुरी आली की मगच निघायचं. हमीसाठी परत तिकडेच जावं लागेल हे धरून चाला. बिलं मात्र सगळी जपा, भारतातलीसुद्धा. वर्षभराचा वैद्यकीय खर्च उत्पन्नाच्या मानाने ठरलेल्या टप्प्यापलीकडे गेला तर वरचा भाग कर विवरणात दाखवता येतो. भारतातल्या बिलावर दाताचा नंबर, केलेला उपचार, तारीख आणि पैसे दिल्याची पावती इंग्रजीत लिहून घ्या. नुसतं "डेंटल ट्रीटमेंट" लिहिलेली चिठ्ठी चालत नाही.

वऱ्हाडी_पोरगा

लाइपझिगच्या विद्यापीठ रुग्णालयाला फोन केला, तपासणीची वेळ मिळाली. हेर्टेफालचा फॉर्मही कासेने पाठवलाय. त्यात मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागितल्यात. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं खातं) दर महिन्याला येणारे पैसे उत्पन्न म्हणून लिहायचे का?

नेकरकाठ

ते तुझेच साठवलेले पैसे आहेत, पगार नाही. तरी आपल्या मनाने काही गाळू नकोस. फॉर्मबरोबर एक ओळ लिही की हे माझ्याच बचतीतून येतात, आणि बँकेचं पत्र जोड. काय धरायचं ते कासे ठरवेल. आणि तपासणीला जाशील तेव्हा बोनुसहेफ्ट मागून घे, पहिला शिक्का तिथेच पडेल.